हात कुठे बसवायचा? धुळे, जळगाव, नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, धुळे, जळगाव आणि नंदुरबार,
तसेच तिन्ही जिल्हा नियोजन समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

विषय: हाडांच्या शस्त्रक्रियेच्या सरावासाठी स्पर्श जाणवणारी आभासी प्रयोगशाळा

सप्रेम नमस्कार.

मी शहाद्यात गेली २२ वर्षं हाडांचा डॉक्टर आहे. घाटात पलटी झालेल्या जीपमधली माणसं, मोहाच्या झाडावरून पडलेला पोरगा, मोटारसायकलवर तिघं बसून निघालेले आणि उसाच्या ट्रॉलीवर आदळलेले, ओल्या मोरीत घसरलेल्या आजीबाई, सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत घोड्यावरून पडलेला एखादा हौशी स्वार, असे सगळे माझ्याकडे येतात. तुमच्याकडे शिकणारी पोरं-पोरी उद्या याच माणसांच्या हाडांत ड्रिल घालणार आहेत. त्यांचा हात कुठे बसतो, याविषयी मला लिहायचं आहे.

माझे वडील सुतार. तापीकाठच्या आमच्या गावातल्या बैलगाड्या, वखर, पाभरी, घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. मी दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांनी माझ्या हाती गिरमिट दिलं आणि समोर ठेवला मोडक्या पाटाचा तुकडा. छिद्र पाडणं सोपं वाटतं. दाबायचं आणि फिरवायचं. पण लाकूड संपत आलं की गिरमिट एकदम पलीकडे घुसतं आणि मागच्या बाजूचे ढलपे निघतात. घुसण्याच्या किंचित आधी हाताला काहीतरी कळतं. ते कळलं की दाब काढायचा असतो. ‘आते हात हलका कर,’ वडील मागून म्हणायचे. लाकडाच्या आतलं टोक त्यांनाही दिसत नव्हतं, पण आवाजावरून त्यांना कळायचं. सागाचं कळणं वेगळं, बाभळीचं वेगळं, निंबाचं वेगळं. वर्षभर मी भंगार लाकडात छिद्रं पाडली. गिऱ्हाइकाच्या चौकटीला त्यांनी मला हात लावू दिला नाही. मी हट्ट धरला तेव्हा एवढंच म्हणाले, ‘दार त्याचं आहे, चूक तुझी असेल.’

हाडात मी पहिलं छिद्र पाडलं ते मात्र जिवंत माणसाच्या मनगटात.

एमएसचं पहिलं वर्ष होतं. रुग्णालयाचं नाव इथे सांगत नाही. शिकवण्याची पद्धत तेव्हा सगळीकडे तीच होती. पेशंट आमच्याच भागातली, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली चाळिशीची बाई. बांधावरून पडून उजवं मनगट मोडलेलं. तळहाताच्या बाजूनं प्लेट बसवायची होती. त्या दिवसाची सातवी केस. सरांनी हाड जुळवलं, प्लेट ठेवली, पहिला स्क्रू स्वतः घातला आणि ड्रिल माझ्या हाती देऊन म्हणाले, ‘घे, पुढचा तू कर.’ सरांवर माझा राग नाही. शिष्यावर विश्वास दाखवायची तीच रीत होती, आणि त्या क्षणी मला फार आनंद झाला होता हेही खरं.

मी दाबलं. पहिला कॉर्टेक्स, म्हणजे हाडाची अलीकडची कडक भिंत, हाताला लागली. ती सुटली, आतला मऊ भाग आला आणि ड्रिल सर्रकन पुढे गेलं. पलीकडची भिंत मला कळलीच नाही. मनगटापाशी ती पातळ असते. ड्रिलची चक, म्हणजे बिट धरणारं तोंड, स्लीव्हवर, म्हणजे बिटाभोवतीच्या नळीवर, आदळली तो ‘टक्’ आवाज अजून कानात आहे. रक्त फारसं आलं नाही. एक्स-रे सुंदर आला. टाके काढून बाई घरी गेली. सहा आठवड्यांनी ती ओपीडीत आली, तळहात टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, ‘भाऊ, आंगठा उठतच नही.’

मनगटाच्या पाठीवरून अंगठ्याकडे एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जातं. अंगठा वर उचलतो तो त्याच्या जोरावर. माझ्या ड्रिलनं ते ओरखडलं होतं आणि पुढे झिजत झिजत ते तुटलं. नंतर सरांनी तर्जनीकडचं एक टेंडन वळवून अंगठ्याला जोडलं. ही शस्त्रक्रिया चांगली असते. तिचा अंगठा बऱ्यापैकी उचलू लागला. पण तिची तीन महिन्यांची मजुरी बुडाली, आणि कळण्याची भाकरी थापताना हात अवघडतो असं ती वर्षभरानंही सांगत होती. दार तिचं होतं, चूक माझी होती.

त्या दिवशी मला काय येत नव्हतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. प्लेट कुठे ठेवायची ते येत होतं. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूला २.५ चं ड्रिल, ४.५ च्या स्क्रूला ३.२ चं, हे तोंडपाठ होतं. परीक्षेत मी कुठे अडखळलो नसतो. येत नव्हतं ते एवढंच, की भिंत संपत आली हे हाताला कसं कळतं. पुस्तकात त्याची जागा नाही. वडिलांच्या अंगणात ते मला लाकडाबाबत कळलं होतं, पण हाड म्हणजे सलग लाकूड नव्हे. बाहेर दाट कवच, टोकांना आत जाळीदार मऊ हाड, मधल्या दांड्यात पोकळी आणि मज्जा. ड्रिलला आधी ठाम अडसर लागतो, मग तो सुटतो, मग पुन्हा अडसर, आणि मग शेवटचं सुटणं. दाट हाडात मोटारीचा आवाज खाली उतरतो, पलीकडे निघताना चढतो. त्या शेवटच्या सुटण्यापलीकडे काय आहे ते प्रत्येक हाडागणिक बदलतं. दंडाच्या हाडाला वळसा घालून मनगट उचलणारी नस जाते. नडगीच्या वरच्या टोकामागे पायाची मुख्य धमनी आहे. हासळीखालून, म्हणजे गळ्याजवळच्या आडव्या हाडाखालून, हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते. तिथे ड्रिल घसरलं तर टेबलावरच पेशंट हातचा जाऊ शकतो.

आणि घाबरून हलक्या हातानं ड्रिल नुसतं फिरवत बसलं तरी चालत नाही. हाड तापतं. ४७ अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर राहिलं तर हाडाला इजा होते, हे स्वीडनमधल्या एरिकसन आणि अल्ब्रेक्टसन या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं. मेलेल्या हाडात स्क्रू धरत नाही, सैल होतो. ड्रिल बिट धारदार हवं, सलाइनची धार हवी आणि दाब नेमका हवा. हा नेमका दाब शब्दांत सांगून शिकवता येतो, असं म्हणणारा हाडांचा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही.

आता आभासी प्रयोगशाळेतल्या स्पर्शाच्या यंत्राविषयी, कारण नियोजन समितीच्या सदस्यांना ते नीट कळलं तरच माझी मागणी कळेल.

टेबलावर मावेल असा एक यांत्रिक हात असतो. त्याच्या टोकाला पेनासारखी किंवा ड्रिलसारखी मूठ. त्याच्या सांध्यांत मोटारी आणि कोन मोजणारे सेन्सर बसवलेले असतात. तुम्ही मूठ हलवली की संगणकाला तिची जागा कळते, आणि पडद्यावरचं किंवा डोळ्यावर चढवलेल्या चष्म्यातलं ड्रिल तसंच हलतं. चष्म्यातलं ड्रिल चष्म्यातल्या हाडाला टेकलं की मोटारी तुमची मूठ मागे ढकलतात. समोर हवा असते, पण हाताला हाड लागतं. या घडणीचं ‘फँटम’ नावाचं यंत्र अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात बनवलं. आजची टेबलावरची पुष्कळ यंत्रं त्याच वळणाची आहेत.

हाड संगणकात येतं सीटी स्कॅनमधून. सीटीचे पातळ काप एकावर एक रचले की लाखो बारीक घनांची रास तयार होते, आणि राशीतल्या प्रत्येक दाण्याला स्वतःची घनता असते. ड्रिलचं टोक कुठल्या दाण्यांना टेकलं, ते किती दाट आहेत, किती वेगानं खरवडले जात आहेत, यावरून उलट दाबाचा हिशेब होतो. खरवडलेले दाणे राशीतून वजा होतात. डोळ्याला चित्र सलग दिसायला सेकंदाला ६० ते ९० चित्रं पुरतात. हाताला मात्र हा हिशेब सेकंदाला सुमारे १,००० वेळा करून द्यावा लागतो. त्याहून फार कमी झाला तर कडक हाड स्पंजासारखं लागतं, नाहीतर मूठ थरथरू लागते. डोळ्यापेक्षा हात किती चोखंदळ असतो, हे मला आकड्यांत कळलं ते इतक्या उशिरा. वडिलांना ते आकड्यांवाचून माहीत होतं.

मी हे यंत्र पहिल्यांदा हाती धरलं ते एका परिषदेत. सोबत आमच्याकडचा एक तरुण रेसिडेंट, म्हणजे एमएस शिकणारा डॉक्टर, होता. आभासी नडगीत त्यानं पहिलं छिद्र पाडलं आणि ड्रिल बरंच पलीकडे गेलं. किती मिलिमीटर गेलं ते पडद्यावर लिहून आलं. तो ओशाळला, पण कुणाचं टेंडन तुटलं नव्हतं. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा केलं. दहाव्या-बाराव्या खेपेला तो दुसऱ्या भिंतीपाशी आपणहून थबकला, दाब काढला आणि ड्रिल जेमतेम बाहेर डोकावलं. मी मागे उभा होतो. ‘आते हात हलका कर’ म्हणायची वेळच आली नाही. त्या रात्री परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही, आणि हे पत्र तेव्हापासून मनात आहे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की नुसते चष्मे विकत घेऊ नका. आभासी वास्तव म्हटलं की डोक्यावर चष्मा चढवलेल्या विद्यार्थ्याचा फोटो डोळ्यांसमोर येतो, आणि खरेदीही त्याचीच होते, कारण तो स्वस्त पडतो आणि पाहुण्यांना दाखवायला बरा. चष्म्यासोबत मुठीत धरायचे जे कंट्रोलर येतात ते फक्त थरथरतात. त्यांत अडसर नसतो. हात हाडातून आरपार जातो. शस्त्रक्रियेचा क्रम शिकायला ते उपयोगी आहेत, हे मी मान्य करतो. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका गटाला नडगीत सळई घालण्याची पद्धत चष्म्यातून शिकवली आणि दुसऱ्याला छापील मार्गदर्शिकेवरून. मग दोन्ही गटांकडून कृत्रिम हाडावर ती करून घेतली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चष्म्याचा गट स्पष्ट पुढे होता. पण क्रम चुकणं आणि हात घसरणं हे दोन वेगळे आजार आहेत. मनगटाच्या त्या केसमध्ये माझा क्रम अचूक होता.

पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर साधा पडदा घ्या आणि स्पर्शाचं यंत्र घ्या. चष्मा नंतर आला तरी चालेल.

यंत्राच्या मर्यादाही मी लपवणार नाही, कारण उद्या कुणी विक्रेता येऊन ‘अगदी खऱ्या हाडासारखं’ म्हणेल तेव्हा त्याला काय विचारायचं ते तुमच्याकडे असायला हवं. टेबलावरच्या एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या यंत्राचा जास्तीत जास्त दाब ३.३ न्यूटन आहे. म्हणजे तळहातावर साधारण ३४० ग्रॅमचं वजन ठेवल्याइतका. खऱ्या दाट हाडात ड्रिल घालताना आपण काही किलोंचा जोर लावतो. तेव्हा हे यंत्र हाडाचा पूर्ण जोर देत नाही. ते अडसर लागण्यातला आणि सुटण्यातला फरक देतं. माझ्या मते शिकण्याच्या पहिल्या पायरीवर तो फरकच सर्वांत मोलाचा आहे, पण तो पुरेसा नाही. पुढच्या पायरीवर जास्त दाबाचं यंत्र, किंवा खरं ड्रिल आणि प्लास्टिकचं हाड लागतं. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या एओ या सर्जनांच्या गटानं १९६० पासून दावोसला हातानं करून शिकायचे वर्ग चालवले, आणि त्या परंपरेतली प्लास्टिकची हाडं आज जगभर वापरतात. तीही आणा. प्लास्टिकचं हाड एकदा भोकं पाडून झालं की फेकावं लागतं आणि चूक किती झाली ते त्याला मोजता येत नाही. यंत्र थकत नाही आणि प्रत्येक चूक मिलिमीटरमध्ये लिहून ठेवतं. दोघांची जोडी हवी.

यापुढचं मी जास्त आग्रहानं सांगतो, कारण ते आपल्याच भागाचं आहे.

तयार सिम्युलेटरमध्ये, म्हणजे अशा आभासी सरावाच्या यंत्रात, येणारी हाडं बहुधा निरोगी आणि नेटकी असतात. आमच्या टेबलावर येणारी तशी नसतात. सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे; धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडून येणाऱ्या माणसाच्या खुब्याचा एक्स-रे हातात घेताना मी आधी तेच विचारतो. विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो मरतो, खचतो. हे ऐन पंचविशी-तिशीत होतं. अशा माणसाचा खुबा बदलायची वेळ येते तेव्हा मांडीच्या हाडाची पोकळी ठिकठिकाणी दाट हाडानं बुजलेली असते आणि शेजारीच मऊ भाग असतो. आतून कोरणारं रीमर कडक भागाला टेकून मऊ बाजूला वळतं आणि हाडाची भिंत फोडून बाहेर येऊ शकतं. ज्याचा हात फक्त निरोगी हाडावर बसला आहे, तो इथे फसतो. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तपासण्या होत आहेत, कार्डं मिळत आहेत, चांगलं आहे. पण ज्यांचा खुबा आधीच खचला आहे त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणारा हातही याच भागात तयार व्हायला हवा.

हे यंत्र तिथे काय करू शकतं? आपल्याच पेशंटांचे सीटी स्कॅन, संमती घेऊन आणि नाव-गाव पुसून, त्याच्यात घालता येतात. नंदुरबारला काढलेल्या सिकलसेल खुब्याच्या सीटीवर धुळ्यातली रेसिडेंट पोरगी रीमर चालवेल, आणि कुठे वळलं, का वळलं ते पुन्हा पुन्हा पाहील. आपली हाडं आपल्या शिकणाऱ्यांसाठी जपून ठेवलेला असा साठा परदेशी पेटीत तयार मिळणार नाही. तो आपणच करावा लागेल.

म्हाताऱ्या माणसांच्या खुब्याचंही असंच. मोडलेल्या खुब्यात स्क्रू घालण्याआधी एक बारीक तार घालतात. दोन बाजूंच्या एक्स-रेमध्ये तारेचं टोक गोळ्याच्या शेंड्यापासून किती लांब आहे ते मोजून दोन्ही अंतरांची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत ठेवली तर स्क्रू हाड कापून बाहेर येण्याचा धोका खूप कमी होतो. अमेरिकेतल्या बाउमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी हे १९९५ मध्ये मांडलं. नवशिका ती तार चार-चार वेळा घालतो-काढतो. प्रत्येक खेपेला सी-आर्म या टेबलाजवळच्या एक्स-रे यंत्राचे फोटो, म्हणजे पेशंटवर आणि आजूबाजूच्या सगळ्यांवर किरण, आणि ठिसूळ हाडात नवं भोक. आभासी सी-आर्मला किरण नसतात. तिथे पन्नास वेळा चुकू द्या.

माझे काही समव्यावसायिक म्हणतील, आम्ही पेशंटवरच शिकलो, आमचं काय बिघडलं? त्यांना मी आदरानं विचारतो, आपलं बिघडलं नाही, पण आपण ज्यांच्यावर शिकलो त्यांचं? आणि आपल्या परंपरेतही पेशंटवर शिकणं ही रीत नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्या’ म्हणजे सराव यावर वेगळा अध्याय आहे. कापण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडीवर करायचा, टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर, शिवण्याचा जाड कापडावर, पट्टी बांधण्याचा बाहुल्यावर. शास्त्र सगळं पाठ असलं तरी सरावावाचून माणूस कामाला योग्य होत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, कुठे सी-आर्म बंद आहे, पेशंट सुरतेला धाडावे लागतात, आणि तुम्ही आभासी हाडाच्या गोष्टी करता? भूलतज्ज्ञाच्या मागणीच्या निवेदनांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत आणि पुन्हा करीन. ती मागणी कापून हे द्या असं मी म्हणत नाही. पण एमएसच्या विद्यार्थ्याला आता तीन महिने जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं, आणि पुढे त्यातलेच काही तालुक्याच्या गावी एकटे उभे राहतात, जसा मी राहिलो. तिथे ‘थांब’ म्हणणारे सर मागे नसतात. हात बसलेला नसेल तर सी-आर्म आणि भूलतज्ज्ञ असूनही पेशंट सुरतेला जाईल, कारण तो तरुण डॉक्टर घाबरेल. किंवा घाबरणार नाही, आणि ते जास्त वाईट. पेशंटही मग हाडवैद्याकडे जातो, बांबूच्या पट्ट्या करकचून बांधून घेतो आणि काळी पडलेली बोटं घेऊन येतो. त्याला दोष कसा द्यायचा?

सराव ओटीत, म्हणजे प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या खोलीत, कामी येतो का, याचा पुरावा मागणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: येल विद्यापीठात १६ रेसिडेंटांपैकी निम्म्यांनी आभासी यंत्रावर सराव केला आणि मग सगळ्यांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सराव केलेल्यांना २९ टक्के कमी वेळ लागला आणि त्यांच्या चुका सहापट कमी होत्या. ते पित्ताशय होतं, हाड नव्हे. पण हात माणसाचाच होता.

आता प्रत्यक्ष मागणी. तीन ठिकाणी तीन अर्धवट खोल्या नकोत. धुळ्याला एक नीट प्रयोगशाळा करा. जळगाव आणि नंदुरबार दोन्हींकडून ते साधारण शंभर किलोमीटरवर आहे. वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा हवी हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या निकषांत आहेच. तिच्यातच ही बसेल. टेबलावरचं यंत्र जीपमध्ये मावतं, तेव्हा महिन्यातला एक आठवडा ते जळगावला आणि एक आठवडा नंदुरबारला जाऊ द्या.

निविदेत कंपनीचं माहितीपत्रक उतरवून काढू नका. जास्तीत जास्त दाब किती न्यूटन, हिशेब सेकंदाला किती वेळा, आपले सीटी स्कॅन त्यात घालता येतात का, विद्यार्थ्याच्या सरावाच्या नोंदी कुणाच्या मालकीच्या, मोटार बिघडली तर दुरुस्तीला किती दिवस, आणि दरवर्षीचं सॉफ्टवेअर शुल्क थांबलं तर यंत्र चालू राहतं का, हे प्रश्न त्यात लिहा. शेवटचा प्रश्न विसरलात तर तीन वर्षांनी यंत्रावर कापड पांघरलेलं दिसेल.

सगळं विकत घ्यावं लागतं असंही नाही. चाय-थ्रीडी आणि सोफा ही स्पर्शाच्या आणि मऊ-कडक वस्तूंच्या आभासी हिशेबाची मुक्त सॉफ्टवेअरं आहेत. सीटीमधून हाड वेगळं काढायला थ्रीडी स्लायसर आहे, तेही मोफत. जळगावला, शिरपूरला, धुळ्याला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिथली मुलं दरवर्षी विषय शोधत असतात. एखाद्या वर्षी चार मुलांना सिकलसेलचा खुबा द्या. चेन्नईला आयआयटी मद्रासमध्ये स्पर्शतंत्रावर काम करणारी टच लॅब आहे. त्यांना पत्र पाठवून सल्ला मागा. जळगावात प्लास्टिकचे पाइप आणि चटया बनतात, तिथे सरावाची प्लास्टिकची हाडं का बनू नयेत, हा विचार मला बरेच दिवस सोडत नाही. दाट कवच आणि आत जाळीदार भाग, एवढं जमलं तरी पुरे.

आणि शिक्षक. ही मागणी सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत अवघड आहे. आठवड्यातले दोन तास रेसिडेंटला ओपीडी, वॉर्ड आणि कॅज्युअल्टीतून मोकळं करा, आणि त्या वेळात अनुभवी माणूस त्याच्या मागे उभा राहील अशी तजवीज करा. यंत्र मिलिमीटर सांगतं; मनगट ताठ धरलंस, कोपर टेकव, श्वास सोडताना दाब काढ, हे माणूसच सांगतो. पहिलं छिद्र जिवंत हाडात पाडण्याआधी प्रत्येकानं यंत्रावर ठरावीक खेपा पलीकडे न घसरता कराव्यात आणि तशी नोंद लॉगबुकमध्ये व्हावी, एवढा नियम तिन्ही अधिष्ठात्यांनी आपल्या पातळीवर केला तरी चालेल. मोठ्या शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही.

शनिवारी माझी ओपीडी बंद असते. सकाळच्या गाडीनं मी दहाच्या आत धुळ्याला पोहोचतो. मागे उभं राहायला मी येईन, मानधन नको. माझ्या ओळखीचे निवृत्तीला आलेले आणखी दोघं-तिघं आहेत; त्यांच्याशी मी बोललो आहे, तेही तयार आहेत. खोली आणि यंत्र कधी होईल ते तेवढं कळवा.

आपला नम्र,
शहाद्यातील एक अस्थिरोगतज्ज्ञ